न आलेलं पत्र

सिडनीला उतरण्याआधी विमानातच एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आणलंय का, बियाणं आहे का, चपलेला माती लागलीय का, असे प्रश्न. त्या कार्डासमोर भल्याभल्या मराठी माणसांची नीतिमत्ता डळमळते. साड्यांच्या घडीत मेतकूट असतं, शर्टांखाली थालीपिठाची भाजणी असते, आणि हात मात्र ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. चित्रलेखा देवस्थळीचं तसं नाही. ती कार्डाच्या कडेलासुद्धा लिहिते. गोडा मसाला, पाव किलो. मेतकूट, एक बरणी. सुंठीचा लाडू, अर्धा, खाल्लेला. अधिकारी वाचतो, हसतो आणि जा म्हणतो. मागे ट्रॉली धरून उभा असलेला तिचा नवरा शंतनू तोवर छताकडे बघत असतो.

सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागातल्या मराठी मंडळींत तिच्या या खरेपणाची मजेत टिंगल चालते. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर ‘मुलीला काही आजार?’ असं विचारलं होतं, तिथे चित्रलेखाने गेल्या आठवड्यातल्या दोन शिंका लिहिल्या, हे तिची मैत्रीण विनीता रंगवून सांगते. चित्रलेखाही हसते. पण जुन्या लोकांना ठाऊक आहे की हा काही तिचा जन्मजात स्वभाव नव्हे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चित्रलेखाचं तोंड एका सहीने पोळलं होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. पुण्याहून मायक्रोबायॉलॉजी शिकून आलेली, इथल्या युनिव्हर्सिटीतून पुढचं शिकलेली, हाताला चांगली. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की दुसऱ्याला जे दहा मिनिटांत दिसायचं ते हिला दोन मिनिटांत दिसायचं. मुलगी नुपूर दोन वर्षांची. सिडनीतच पॅरामॅटाजवळ दोन खोल्यांचं युनिट, आणि त्यात दीर हृषीकेशही राहायला. तो नावाला शिकत होता. खरं तर एक जुनी गाडी घेऊन लोकांच्या घरी पिझ्झे पोचवायचा, आणि पिझ्झा गार होऊ नये म्हणून गाडी फार जोरात हाणायचा.

इथे रस्त्यावरचा कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र गाडीच्या मालकाला जातं. ‘मी नव्हतो, अमुक चालवत होता’ असं मालकाने प्रतिज्ञेवर लिहून दिलं आणि त्या अमुकाने ते कबूल केलं, की लायसन्सवरचे काळे पॉइंट अमुकाच्या नावावर चढतात. हृषीकेशचे पॉइंट भरत आले होते, आणखी थोडे चढले की लायसन्स जाणार. वहिनीचं लायसन्स कोरं करकरीत. मग दुसरं काय होणार? जेवताना शंतनू म्हणाला, “अगं, सही तर करायचीय.” तिने केली. काही महिन्यांनी पुन्हा केली.

आता यात कुणाला ती बाई बिलंदर वाटेल, पण तसं नव्हतं. पुण्यात तिने आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं पाहिली होती ती कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाकडची. तो न विचारता टाइप करायचा, तिकीट चिकटवायचा, तीन-चार शिक्के धपाधप मारायचा. आत काय लिहिलंय ते तोही वाचायचा नाही आणि आपणही नाही. आपल्याकडे कागद खरा होतो तो शिक्क्याने, मजकुराने नव्हे. इथे लायब्ररीत एक आजोबा टेबलाशी बसलेले असत. त्यांच्यासमोर सही करायची, तेही साक्षीची सही करणार, पैसे नाहीत, रांग नाही, वर हवा कशी आहे याच्या गप्पा. इतक्या सहज होणारी गोष्ट गंभीर असू शकते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या वेळी कॅमेरा नव्हता, माणूस होता. हृषीकेशच्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं आणि गाडी थांबली नाही. त्या माणसाच्या गळ्याचं हाड मोडलं. कुणीतरी नंबर टिपला. पोलिस येणार हे कळल्यावर हृषीकेश पांढराफटक पडला. पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला. “पोराचा व्हिसा जाईल, आयुष्यातून उठेल तो. तू घरची बाई, पदरात लहान मूल. तुला कोण काय करणार?” आणि चित्रलेखाने पोलिसांना लिहून दिलं की मीच चालवत होते, घाबरले म्हणून थांबले नाही.

ती त्या संध्याकाळी लॅबमध्ये होती. दारावर तिचं कार्ड आत जाताना वाजलं होतं आणि आठ तासांनी बाहेर पडताना वाजलं होतं. तीन आठवड्यांत सगळं उघडं पडलं. मॅजिस्ट्रेट बाई शांतपणे म्हणाल्या, “अपघात तुमचा नव्हता. खोटं मात्र सर्वस्वी तुमचं आहे. एका जखमी माणसाला न्याय मिळू नये म्हणून तुम्ही सही केलीत.” चार महिने कैद. हृषीकेश त्याआधीच पुण्याला निघून गेला होता, तो परत आला नाही. बाणेरला त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. चांगलं चालतं म्हणतात. त्याला कुठल्याही फॉर्मवर कधी काही लिहावं लागलं नाही.

नुपूर तेव्हा तीन वर्षांची झाली होती. शंतनूने तिला सांगितलं, आई इंडियात गेलीय, आजीला बरं नाही. मराठी मंडळातही तेच सांगितलं. लोकांनी मान डोलावली.

चित्रलेखा बाहेर आली तेव्हा लॅबचं दार बंद झालेलं होतं. दुसरीकडे अर्ज करावा तर प्रत्येक फॉर्मवर तो एक प्रश्न असायचा, ‘तुम्हाला कधी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का?’ आणि ती प्रत्येक वेळी ‘होय’ लिहायची. शेवटी दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत काम मिळालं. तिथे कुणी काही विचारलं नाही. चादरींचे ढीग पट्ट्यावरून सरकायचे आणि ही डाग बघून ओळखायची, हे आयोडीन, हे लोहाचं औषध, हे कुणाचं तरी बाळंतपण. इतकी वर्षं शिकलेल्या विद्येचा एवढाच उपयोग उरला होता. दहा वर्षं तिने ते केलं, आणि कुरकुर केली नाही. पण लॅबच्या बसस्टॉपवरून जाताना ती खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघायची.

शंतनूने तिची माफी कधी शब्दात मागितली नाही. त्याच्या घराण्यात ती पद्धत नाही. पण त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक कागद तो तिला मोठ्याने वाचून दाखवतो. विजेचं बिल, शाळेचं पत्र, एकदा तर टपालपेटीत आलेलं गटार साफ करणाऱ्याचं पत्रकसुद्धा. हे सगळं पश्चात्तापापोटी आहे हे तिला कळतं. तरी कधी कधी ते पत्रक त्याच्या हातातून ओढून फाडावंसं वाटतं, हेही खरं आहे.

तुरुंगातून सुटताना तिथल्या एका बाईने तिला सांगितलं होतं, दहा वर्षं सरळ राहिलीस की हे सगळं मिटतं. एवढं एक वाक्य चित्रलेखाने उरी धरलं. दहा वर्षं तिने गाडी साठच्या रस्त्यावर पंचावन्नने चालवली. जून दोन हजार चोवीसमध्ये दहा वर्षं पुरी झाली, त्या दिवशी घरात श्रीखंड झालं. नुपूरने विचारलं, “व्हॉट्स द ऑकेजन?” शंतनू म्हणाला, “दूध उरलं होतं.” आणि चित्रलेखा पत्राची वाट बघू लागली.

कारण पत्र येणार, यात तिला शंकाच नव्हती. सरकारने शिक्षा दिली तेव्हा कागद दिला होता, मिटवतानाही देईलच की. जाड कागद असेल, वर कांगारू-एमूची मुद्रा, खाली सही आणि शिक्का. ते फोल्डरमध्ये घालून ठेवायचं आणि कुणी विचारलं की पुढे करायचं. जून गेला, दिवाळी गेली. ती पेटीत हात घालून कोपरेही चाचपायची. पत्र येत नाही म्हणजे आपलं काहीतरी अडलंय, असं तिने धरलं. पुढच्या मार्चमध्ये एका लॅबची जागा निघाली. मुलाखत इतकी छान झाली की त्या लोकांनी तिला आत नेऊन यंत्रं दाखवली. फॉर्मवर मात्र तिने ‘होय’ लिहिलं, आणि खाली दोन ओळींची जागा पुरेना म्हणून वेगळं पान जोडलं. चार दिवसांनी नकाराचा गोड मेल आला.

ते ऐकून लॉन्ड्रीतली मेले भडकली. मेले म्हणजे मूळची टोंगा बेटांवरची, हिच्याबरोबर दहा वर्षं चादरी घडी घालणारी. “सिस, माझ्या भावाचंही होतं असलंच. त्याला तर कधी पत्रबित्र नाही आलं. तू जा आणि विचार.” पण चित्रलेखाचं पाऊल उचलेना. सहा महिने असेच गेले. सप्टेंबरमध्ये आणखी एका लॅबची जाहिरात आली, अर्जाची शेवटची वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाच. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला अशा जागा किती वेळा येणार? बुधवारी मेलेने सुपरवायझरकडून तिची सुट्टी परस्पर मागून घेतली आणि तिला ब्लॅकटाउनच्या मोफत कायदा सल्ल्याच्या ऑफिसात पिटाळलं.

तिथे हेलन नावाच्या वकीलबाई भेटल्या. पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. चित्रलेखाने फोल्डर उघडला आणि पहिल्यांदा पत्राचीच चौकशी केली.

“कसलं पत्र?” हेलनने विचारलं.

“दहा वर्षं झाल्याचं. मिटल्याचं.”

“असं पत्र नसतं, डार्लिंग. सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा असेल आणि दहा वर्षं दुसरा गुन्हा नसेल, तर इथे ते आपोआप मिटतं. अर्ज नाही, सुनावणी नाही. पोलिसांच्या दाखल्यातही मग ते येत नाही.”

“पण मला कळणार कसं?”

“तोच तर घोळ आहे. पुष्कळांना कळतच नाही.” हेलनने तारखा तपासल्या, बोटांवर मोजल्या. “तुझं गेल्या वर्षी जूनमध्ये मिटलं.”

“म्हणजे या मार्चमध्ये मी जे लिहून दिलं...”

“ते लिहायची गरज नव्हती.”

आधी चित्रलेखाला हसू आलं. वेगळं पान जोडलं होतं तिने, चांगल्या अक्षरात. मग ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. हेलनने टिश्यूचा डबा सरकवला. ज्या कागदावर शिक्का नव्हता म्हणून ही बाई बेफिकीरपणे सही करून तुरुंगात गेली, त्याच बाईने शिक्क्याचा कागद आला नाही म्हणून सुटका होऊनही सव्वा वर्ष स्वतःला कोंडून ठेवलं. आपल्या माणसांना हसावं की रडावं ते खरंच समजत नाही.

हेलनने मग नीट समजावलं. शिक्षक, पोलिस, न्यायाधीश, लहान मुलांची देखभाल, अशा काही कामांना ही मुभा नाही, तिथे सांगावंच लागतं. लॅब त्यात नाही. “बाकी कुणीही शिक्षेबद्दल विचारलं, तर कायदा तो प्रश्न न मिटलेल्या शिक्षेबद्दलच धरतो. तुझी मिटलीय. म्हणून उत्तर ‘नाही’.”

“पण मी गेले होते ना.”

“गेली होतीस. ते मी कसं पुसणार? पण ते विचारायचा हक्क आता त्यांना नाही.”

गुरुवारी संध्याकाळी शंतनूने नेहमीप्रमाणे लॅबचा फॉर्म मोठ्याने वाचला. त्या प्रश्नाशी आल्यावर तो म्हणाला, “लिही ना ‘नाही’. कायदाच सांगतोय. एक टिक तर करायचीय.”

चित्रलेखा म्हणाली, “हेच वाक्य तू त्या वेळी म्हणाला होतास.”

तो उठला आणि भांडी घासायला गेला. घासलेलीच भांडी त्याने पुन्हा घासली.

तिचं काय अडलं होतं ते तिला शंतनूला सांगता आलं नसतं. हेलनचं म्हणणं तिला पटलं होतं. पण ‘नाही’ म्हटलं की तिला खोटं आठवायचं, आणि खोटं आठवलं की या घरातलं एक खोटं अजून चालूच होतं. ती चार महिने इंडियात होती, आजीला बरं नव्हतं. ते कुठल्या कायद्याने मिटणार होतं? त्यावर हे दुसरं ‘नाही’ रचायला तिचा हात धजेना.

शुक्रवारी साडेतीनला नुपूर शाळेतून आली. चौदा वर्षांची, नववीतली, आईपेक्षा उंच. दप्तर सोफ्यावर टाकून तिने वाडगाभर सीरियल घेतलं. चित्रलेखा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बाकीचा सगळा फॉर्म भरलेला, एक प्रश्न तेवढा रिकामा.

“नुपूर, इकडे ये जरा. बस.”

“ॲम आय इन ट्रबल?”

“नाही. तुला एक सांगायचंय. तू तीन वर्षांची होतीस ना, तेव्हा मी चार महिने घरी नव्हते.”

“हो, इंडियात. आजी सिक होती.”

“इंडियात नव्हते. मी इथेच होते. जेलमध्ये.”

हे वाक्य तिने दहा वर्षं मनात घोळवलं होतं. त्यापुढची कारणं, हृषीकेशकाका, सही, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं. नुपूरने चमचा खाली ठेवला.

“आय नो,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं? बाबाने?”

“विनीता मावशीच्या शाल्मलीने. मावशी फोनवर कुणाला तरी सांगत होती, ते तिने ऐकलं. सहावीत असताना, गणपतीला. हॉलच्या मागे आम्ही डान्सची प्रॅक्टिस करत होतो तेव्हा.”

“मग तू काय म्हणालीस?”

नुपूर वाडग्यात बघत होती. “मी म्हटलं, यू आर लायिंग. ती म्हणाली, प्रूव्ह इट. मग मी आयपॅडवर तुझे पुण्याचे फोटो दाखवले. पर्वतीवरचे, त्या ब्लू साडीतले.”

“ते तर तू पाच वर्षांची असतानाचे.”

“आय नो. मी सांगितलं, तेव्हाचेच आहेत. फक्त तुझे दाखवले, माझा नाही दाखवला. आणि सगळ्या मुलींसमोर दाखवले. मग विनीता मावशी आली. तिने शाल्मलीला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. डान्समधूनही काढलं. शी क्राइड अ लॉट. त्यानंतर ती माझ्याशी बोलतच नाही.”

अकरा वर्षांची पोर. तिला कुणी गळ घातली नव्हती, पुण्याहून कुणाचा फोन आला नव्हता. तिने आपलं आपण खोटं बोलायचं ठरवलं, त्याला पुरावा जोडला, पुराव्यातलं अडचणीचं तेवढं गाळलं, आणि खरं बोलणाऱ्या मुलीला शिक्षा होताना ती उभी राहून बघत राहिली. आपण दहा वर्षं विमानतळावर मेतकूट लिहीत बसलो आणि हे घरात होत होतं.

“का केलंस गं असं?”

“बिकॉज यू आर माय मम,” नुपूर म्हणाली, जणू हे काय विचारणं झालं. मग ती हळूच म्हणाली, “आय मिस हर.”

चित्रलेखाने तिला जवळ घेतलं. उंच मुलीला जवळ घ्यायचं म्हणजे खुर्चीवरून उठावं लागतं. मग तिने सगळं सांगितलं, सहीपासून सायकलवाल्यापर्यंत. मनात लावून ठेवलेला क्रम राहिला नाही, पण सगळं आलं. नुपूरने मध्ये फक्त एकदा विचारलं, “सायकलवाला बरा झाला का?” चित्रलेखा म्हणाली की हाड जुळलं, एवढंच कोर्टात कळलं, पुढचं तिलाही माहीत नाही.

नुपूरचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिने प्रश्न वाचला. “तू ‘नो’ लिहिणार? इजन्ट दॅट अ लाय?”

“मलाही तेच वाटत होतं,” चित्रलेखा म्हणाली. “पण लॅबच्या लोकांचं मी काही देणं लागत नाही. कायद्याने त्यांचा हक्क संपवलाय. सॉरीचं देणं आहे ते शाल्मलीचं.”

हे तोंडातून निघाल्यावरच तिला स्वतःला ते उमगलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने विनीताला फोन लावला. नुपूर “मम, नो, मम” म्हणत राहिली, पण तिने फोन काढून घेतला नाही.

“विनीता, मी बोलतेय. तीन वर्षांपूर्वी गणपतीत शाल्मली नुपूरला माझ्याबद्दल काही बोलली होती. ते खरं होतं. मी चार महिने जेलमध्ये होते.”

विनीताचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत. “अगं, मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“तेव्हाही माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.”

“मग पोरीला माफी का मागायला लावलीस?”

“मग काय करणार होते मी? अख्खा हॉल गोळा झाला होता. तुझी लाज राखायची म्हणून... तिला मी नंतरही कधी सांगितलं नाही गं, की तू बरोबर होतीस. कसं सांगणार?”

चित्रलेखाला रागवायचं होतं. पण रागवायला तिच्याकडे तोंड कुठे होतं? तिची लाज तिच्या नवऱ्याने राखली, मैत्रिणीने राखली, मंडळाने मान डोलावून राखली, आणि त्याची सगळी किंमत एकट्या शाल्मलीने मोजली.

“शाल्मली घरी आहे? दे तिला.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. “हॅलो?” चौदा वर्षांच्या मुलीचा, सावध.

“शाल्मली, मी चित्रलेखा मावशी. तू नुपूरला माझ्याबद्दल जे सांगितलं होतंस ना, ते खरं होतं. तू खोटं बोलली नव्हतीस. सॉरी तू नाही, आम्ही म्हणायला हवं होतं. मी म्हणतेय. सॉरी.”

“ओके,” शाल्मली म्हणाली. मग, “नुपूरला माहितीय, तुम्ही मला फोन केलाय ते?”

“माझ्या शेजारीच आहे ती.”

“कॅन आय टॉक टू हर?”

नुपूर फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. चित्रलेखा टेबलाशी येऊन बसली. तो प्रश्न तिने पुन्हा एकदा वाचला, या वेळी कुणी वाचून न दाखवता, आणि ‘नाही’वर खूण केली. पाचला वीस मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

त्या लॅबचं बोलावणं तिला पुढच्या पंधरवड्यात आलं, आणि नोव्हेंबरमध्ये ती रुजूही झाली. पण त्या शुक्रवारी तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की काचेपलीकडे नुपूर एका हाताने डोळे पुसत फेऱ्या मारतेय, बोलतेय, ऐकतेय, मग थोडी हसतेय. शेवटी तिने दार हातभर सरकवलं आणि फोन छातीशी धरून आत डोकावली.

“मम, शाल्मली विचारतेय, तिथे तुला भीती वाटली होती का?”

एवढ्या वर्षांत इतके फॉर्म भरले, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. शंतनूनेही नाही.

“वाटली होती,” चित्रलेखा म्हणाली. “खूप वाटली होती. सांग तिला.”